दाढ ठणकतेय? मग तो मेसेज आधी बाजूला ठेवा

दातदुखीवरचा एक मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. शब्द थोडेफार बदलतात, दावा तोच: 'दातदुखी १० मिनिटांत गायब, डॉक्टरकडे जायची गरजच नाही.' खाली उपाय. दाढेवर लवंगेचं तेल ओता, हिरडीशी ॲस्पिरिनची गोळी धरून ठेवा, गाल शेका, घरात उरलेलं अँटिबायोटिक घ्या. आणि शेवटी, ठणका थांबला की दात बरा झाला असं समजा. मध्यरात्री दाढेनं जीव नकोसा केला की माणूस काहीही करून बघतो, म्हणून हा मेसेज चालतो. त्यातलं थोडंफार अर्धं खरं आहे, आणि फसायला होतं ते त्यामुळेच.

आधी ॲस्पिरिन. दुखतंय तिथेच गोळी ठेवली की औषध थेट पोचेल, असं कुणालाही वाटेल. पण ही गोळी काम करते ती पोटातून रक्तात उतरून. वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं शरीरात तयार होणं ती रोखते. ब्रिटिश औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी हे १९७१ मध्ये दाखवून दिलं आणि १९८२ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. हिरडीला चिकटवलेली गोळी मात्र तिथे आम्लासारखी वागते, कारण ती आम्लच आहे. जागा पांढरी पडते, सुरकुतते, पापुद्रा निघतो आणि खाली लालभडक जखम उरते. दाढेचा ठणका तसाच, वर हिरडीची आग. १६ वर्षांखालच्या मुलांना तर ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गिळायलाही द्यायची नाही. रेय सिंड्रोम हा दुर्मीळ पण जीवघेणा आजार होण्याचा धोका असतो.

गोळी घ्यायचीच तर गिळा. मोठ्या माणसाला चालत असेल तर काहीतरी खाऊन आयब्युप्रोफेन ४०० मिलिग्रॅम आणि सोबत पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या वाटेनं काम करतात, त्यामुळे जोडीनं चांगला उतार पडतो. डॉक्टरांना न विचारता २४ तासांत आयब्युप्रोफेन १२०० मिलिग्रॅमच्या वर नको. पॅरासिटामॉलची मर्यादा ४ ग्रॅम, आणि त्यात सर्दीच्या गोळीतलं पॅरासिटामॉलही मोजायचं. ते हमखास विसरलं जातं. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, दमा, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असेल, तर आयब्युप्रोफेन विचारल्याशिवाय घेऊ नका.

लवंगेचं म्हणणं बरंचसं खरं. तिच्यातल्या युजेनॉलनं जागा बधिर होते आणि दातांचे डॉक्टरही तात्पुरत्या फिलिंगमध्ये ते वापरतात. चूक आहे ती 'ओता' या सल्ल्यात. निव्वळ तेलानं हिरडी आणि जीभ पोळते. खायच्या तेलात एखादा थेंब मिसळायचा, कापसाचा इवलासा बोळा त्यात बुडवून पिळायचा आणि किडलेल्या खड्ड्यापुरता टेकवायचा. लहान मुलांच्या बाबतीत हा प्रयोग नकोच. पोटात गेलं तर यकृताला इजा होऊ शकते.

शेक देऊ नका. उष्णतेनं रक्तपुरवठा वाढतो आणि ठणकाही वाढतो. कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर बाहेरून दहा-पंधरा मिनिटं ठेवा, डोक्याखाली आणखी एक उशी घ्या. दातात अडकलेला कण फ्लॉसनं, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायच्या दोऱ्यानं, काढून कोमट मिठाच्या पाण्यानं खळखळून चूळ भरली तर कधीकधी एवढ्यानंही बराच आराम पडतो. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही!

उरलेल्या अँटिबायोटिकचा बहुतेक दातदुखीत उपयोग नाही. आतली नस सुजली असेल तर जंतू मारून ती सूज उतरत नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. ताप असेल, सूज पसरत असेल तर ते लागतं, पण कुठलं आणि किती दिवस हे डॉक्टर ठरवतील.

सगळ्यात घातक आहे ते मेसेजमधलं शेवटचं वाक्य, ठणका थांबला की दात बरा झाला हे. दाताची नस आणि रक्तवाहिन्या चहूबाजूंनी कठीण भिंतीत बंद असतात. सूज आली तरी फुगायला जागा नाही, म्हणून दाब वाढतो. आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येतं, तेव्हा तर विचारूच नका. पुढे रक्तपुरवठाच तुटला की नस मरते आणि मेलेली नस दुखत नाही. दोन रात्री तळमळून तिसऱ्या दिवशी अचानक शांत वाटलं, तर त्याचा अर्थ हाही असू शकतो. जंतू मात्र मुळाच्या टोकातून हाडात उतरत राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी चावताना तो दात उंच लागतो, हिरडीवर पुवाची पुळी येते, नाहीतर सकाळी गाल सुजलेला असतो. सुरुवातीला साध्या फिलिंगनं भागलं असतं, तिथे अंगावर काढल्यामुळे रूट कॅनल करावं लागतं किंवा दात काढावा लागतो.

सूज डोळ्याकडे, जबड्याखाली किंवा मानेत उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, श्वास घ्यायला त्रास झाला, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट हॉस्पिटलच्या आपत्कालीन विभागात जा. खालच्या जबड्याच्या दुखण्याबरोबर छातीत दाब आणि घाम असेल तरीही तेच करा, कारण ते दुखणं हृदयाचंही असू शकतं.

बाकीच्यांनी वाट बघताना एका कागदावर टिपून ठेवावं: गारानं दुखतं की गरमानं, कळ किती वेळ टिकते, चावताना दुखतं का, कुठली गोळी किती वाजता घेतली. डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारतात.