म्हशीनं नाकारलेलं पाणी

गेल्या रविवारी एका म्हशीनं माझ्या पाण्याला तोंड लावलं नाही. वास घेतला, माझ्याकडं एकदा नीट बघितलं आणि मान फिरवली. भाच्यानं त्याचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तेव्हापासून जो तो म्हशीची चौकशी करतोय.

पाणी होतं माझ्या होडीतलं. ती होडी मी आणि भाच्यानंच बांधली. बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यात 30 वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला होडी का बांधावीशी वाटली, हे विचारू नका. बायको रोज विचारते. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेनं शिवायचे, जोडांवर फायबरची पट्टी आणि रेझिन. 11 फूट लांब, 4 फूट रुंद. तरंगली. तो भाग तिथंच संपला.

घोडं अडलं प्यायच्या पाण्यावर. आता पाणी साठवणं ह्या विषयात बेळगावच्या माणसाला कोणी शिकवू नये. 2008 साली शहरातल्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. आमची गल्ली त्या वॉर्डांत नाही. आमच्याकडं नळ पाच-सहा दिवसांनी सुटतो, तोही वॉलमनच्या मनात आलं तर, आणि त्याच्या मनात पहाटे साडेतीनलाच येतं. घरात सिंटेक्सच्या दोन टाक्या, चार पिंपं, घागरी, कळशा, शिवाय लग्नात आहेर आलेलं एक तपेलं, ज्यात आजवर पाण्याशिवाय काही शिजलं नाही. पाहुणे आले तर आधी पाणी कधी आलं होतं ते आठवायचं, मग 'आंघोळ करणार का' विचारायचं. असल्या घरातला माणूस होडीत साधी बाटली नेईल? मी मधल्या फळीखाली टाकीच बांधली. 30 लिटरची, खाली पितळी तोटी, वर रबरी वायसरचं घट्ट झाकण.

भाचा म्हणाला, "मामा, पाच-पाच लिटरचे कॅन घेऊया की." मी म्हटलं, तू गप. (बरोबर तोच होता, हे आता लिहून टाकतो, म्हणजे परत बोलावं लागणार नाही. एक लिटर म्हणजे एक किलो. टाकी अर्धी झाली की 15 किलो पाणी होडी कलेल त्या बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. टँकरच्या पोटात आडवे पत्रे असतात ते उगीच नाही. लहान कॅन तळाशी, मध्यभागी दाबून बसवले की हा त्रास नसतो. शिवाय एक नासला तरी बाकीचे राहतात.)

तर हिडकल धरणाच्या काठाला होडी उतरवली. मे महिना, पाणी पार मागं सरलेलं, हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ, जे एरवी बुडालेलं असतं, ते वर आलेलं. देवळापर्यंत वल्हवत जाऊन आलो. वाटेत भडंग खाल्लं, बेळगावी तिखटाचं. परत काठाला टेकलो तेव्हा जिभेला आग लागलेली. तोटीला हात घालणार, एवढ्यात काठावर म्हैस घेऊन उभा असलेला एक अज्जा म्हणाला,

"हे मधलं काय बांधलासा?"

"पाण्याची टाकी, अज्जा."

त्यानं समोर बघितलं. मग डावीकडं. मग उजवीकडं. तीन बाजूंना पाणीच होतं.

"पाण्याची?"

"प्यायच्या पाण्याची."

"मग हे काय हाय?" त्यानं काठीनं 51 टीएमसीचं अख्खं धरण दाखवलं.

"ते तसंच पिऊन चालत नाही. हे शुद्ध केलेलं. नळाचं."

"कुठल्या नळाचं?"

"बेळगावच्या."

"बेळगावच्या नळाला पाणी कुठनं येतंय?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण लेथवर मापात खोटं चालत नाही, ती सवय नडली. म्हणालो, "थोडं राकसकोपचं... आणि बाकी हिडकलचं."

अज्जा खाली बसला. काठी मांडीवर आडवी घेतली आणि बोटांवर हिशोब सुरू केला.

"म्हणजे हितलं पाणी मोटर लावून बेळगावला न्हेलासा."

"होय."

"तिथं नळातनं काढलासा."

"होय."

"गाडीत घालून परत हितंच आणलासा."

"होय, पण मधे क्लोरीन..."

"आणि आमच्याच पाण्यावर ठेवून पितासा." तो थोडा वेळ थांबला. "कितीला पडलं?"

भाचा मागं तोंड करून हसत होता. त्याचे खांदे हलत होते म्हणून होडी हलत होती.

"आमचं जुनं घर ह्याच्या बुडाला हाय," अज्जा म्हणाला, म्हशीचा दर सांगावा तसं. "खरं आमच्या नळाला दोन-दोन दिवस पाणी न्हाई. तुमच्या?"

"पाच-सहा."

"मग पाणी जातंय कुठं?"

हे मला काय माहीत? मी तोटी फिरवली. तीन थेंब आले, चौथा आला नाही. अज्जा बघत होता. मी पुन्हा फिरवली, खालून फुंकर मारली, एक शिवी दिली.

"बूच ढिलं करा," अज्जा म्हणाला. "गोड्या तेलाच्या डब्याला दोन भोकं पाडत्यात, एक तेलाला, एक वाऱ्याला. वारा आत गेल्याबिगर पाणी भाईर कसं येणार?"

टर्नर मी. मिलीमीटरच्या शंभराव्या भागाचं माप घेणारा. आणि झाकणाला हवेचं भोक ठेवलं नव्हतं. झाकण काढलं, तोटी धो-धो सुटली, आणि त्याच क्षणी भाचा उठून उभा राहिला. होडी कलली, टाकीतलं निम्मं पाणी झाकणातून माझ्या मांडीवर. उरलेलं एक पेलाभर अज्जाला दिलं, आदरानं.

त्यानं घोट घेतला, तोंडात फिरवला आणि बाजूला थुंकला.

"ठोकलेल्या गाडीला लांबी लावत्यात, त्या दुकानाचा वास येतंय."

येणारच. टाकीला आतून तेच रेझिन चोपडलेलं, जे पत्र्याचे खड्डे बुजवणाऱ्या लांबीत असतं. ते पुरतं मुरायला दिवस लागतात, मग गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. मी परवा लावलं आणि काल भरलं होतं. अज्जानं पेला म्हशीपुढं धरला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. मग तिनं दोन पावलं पुढं जाऊन धरणात तोंड घातलं आणि पोटभर प्यायली.

आम्ही अज्जाच्या बाटलीतलं पाणी प्यालो. कुठलं, ते विचारलं नाही.

होडी आता दारात विटांवर ठेवली आहे. काल पहाटे साडेतीनला बायकोनं हलवून उठवलं. "पाणी आलंय, पिंपं भरली. होडी भरू का? धुण्याला होईल." मी कूस बदलली. सकाळी उठून बघतो तर तीन-चारशे लिटर पाणी, एक थेंब गळलेला नाही, आणि शेजारच्या काकू बादली घेऊन उभ्या.