विचारल्याने विचार पेरला जात नाही

करोनाकाळात घरोघरी पोहोचलेला एक संदेश पुन्हा फिरू लागला आहे. महाविद्यालयीन मुले घरी होती, आईच्या हातचे खात होती, परीक्षाही सोप्या झाल्या, मग नैराश्य आले कुठून, असा त्याचा सूर आहे. जो बोलून दाखवतो तो करत नाही आणि आत्महत्येविषयी थेट विचारणे म्हणजे नसलेला विचार डोक्यात घालणे, असेही त्यात ठासून सांगितले आहे.

परीक्षांच्या सोपेपणाबद्दल एवढेच सांगतो की, महाराष्ट्रातील अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आपली परीक्षा होणार की नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी निकाल देईपर्यंत ठाऊक नव्हते.

‘नैराश्याचे थोतांड’ म्हणणाऱ्यांनी राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचे आकडे पाहावेत. देशात २०१९ मध्ये १०,३३५ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, तर २०२० मध्ये १२,५२६ जणांनी. एकूण आत्महत्या सुमारे १० टक्क्यांनी वाढल्या असताना विद्यार्थ्यांमधील वाढ २१ टक्क्यांची होती. या आकड्यांत शाळकरी मुलेही आहेत आणि आत्महत्येला एकच कारण क्वचितच असते, त्यामुळे सारे खापर टाळेबंदीवर फोडणेही चुकीचेच ठरेल.

घर हा मात्र या संदेशातला सर्वांत फसवा मुद्दा आहे. त्या काळात माझ्याकडे पालक-शिक्षक म्हणून एका तुकडीची जबाबदारी होती. ऑनलाइन तासाला कॅमेरा कायम बंद ठेवणाऱ्या एका मुलाला फोन केला की “बरं चाललंय, सर” हे ठरलेले उत्तर मिळे. एकदा मी “तुला आत्ता मोकळेपणाने बोलता येतंय का?” असे विचारले, तेव्हा तो क्षणभर थांबला आणि “गच्चीवर जातो, सर” म्हणाला. दोन खोल्यांत पाच माणसे, त्यात वडिलांचे काम सुटलेले; त्या घरात आईच्या हातचे जेवण होते, पण रडायला कोपरा नव्हता.

गच्चीवर तो आधी झोपेविषयी बोलला, मग “मी नसलो तरी चालेल असं वाटतं” म्हणाला. हे बोलणे म्हणजे नुसते लक्ष वेधून घेणे नव्हे. अनेक जण आधी असे सूचित करतात, म्हणून ते गंभीरपणेच घ्यायचे असते. “जीव देण्याचा विचार येतो का?” हे शब्द उच्चारताना माझीच जीभ जड झाली होती. पण विचारल्याने विचार पेरला जातो, या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. न्यूयॉर्क राज्यातील २,३४२ शालेय विद्यार्थ्यांवरील २००५ सालच्या अभ्यासात हा प्रश्न विचारल्याने त्रास किंवा आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसले नाही. आधीच नैराश्यात असलेली मुले उलट किंचित हलकी झालेली आढळली. नैराश्य मोजण्यासाठी दवाखान्यांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्नही हाच आहे.

उत्तर “हो” आले तर उपदेश करू नये, एकटे सोडू नये आणि मानसोपचारतज्ज्ञापर्यंत सोबत जावे. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत सेवा आता चोवीस तास असते, तिथे मराठीतूनही बोलता येते. त्या संध्याकाळी ती नव्हती. त्याची मोठी बहीण गच्चीवर येईपर्यंत मी फोन ठेवला नाही.