अंगात १०२ ताप आहे आणि साहेबांना थर्मामीटरचा फोटो हवाय

सकाळपासून डोकं भणभणतंय म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे, वेळ असेल तर वाचा.

भाची माझ्याकडे राहते वाकडला, हिंजवडीत पहिलीच नोकरी, दीड वर्ष झालं. काल रात्रीपासून तापाने फणफणलीये. सकाळी साडेसातला १०२ होता. तिने टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नीट लिहिलं की आज सिक लीव्ह घेतेय, कालचं काम सिस्टिमवर चढवलंय, बाकीचं अमक्याला समजावून दिलंय. पाच मिनिटांत मॅनेजरचं उत्तर, त्याच ग्रुपवर, १८ जणांसमोर. थर्मामीटरचा फोटो टाक.

आणि ही पोरगी उठून बसली आणि खरंच थर्मामीटर काखेत धरून फोन शोधायला लागली! मी थर्मामीटर काढून घेतला हातातून. तर म्हणते, मावशी दे ना, नाहीतर रेटिंगच्या वेळी काढतील.

ताईला नागपूरला फोन लावला. ताई म्हणाली, अगं पाठवून टाक ना, काय बिघडतं, नवीन आहे ती, कशाला उगाच नजरेत यायचं. तिथे मात्र माझं टाळकं सरकलं. मॅनेजरचा जेवढा आला नव्हता तेवढा राग मला ताईचा आला, कारण हेच वाक्य मी १० वर्षं स्वतःला म्हणत आले होते. काय बिघडतं. आता सांगतेच काय बिघडतं ते.

२०१४ ची गोष्ट. आई गेल्यापासून अण्णा वाईला एकटेच. ताई भावजींच्या बदलीमुळे नागपूरला. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं साताऱ्याला, गुरुवारचं. मी तीन आठवडे आधी रजा टाकली, मंजूर झाल्याचा मेलपण आला. बुधवारी संध्याकाळी बॅग भरून ऑफिसला गेले होते, तिथूनच स्वारगेट गाठायचं होतं. मॅनेजरने जागेवर येऊन सांगितलं की शुक्रवारी सॉफ्टवेअरचं रिलीज आहे, तू नाही जाऊ शकत. मी म्हटलं वडिलांचं ऑपरेशन आहे. तो म्हणाला, मोतीबिंदूच आहे ना, अर्ध्या तासाचं काम असतं, बायपास थोडीच आहे.

मी बॅग घेऊन घरी परत आले. भांडले नाही. अण्णांना फोन केला तर तेच मला समजावतात, असू दे गं, नोकरी महत्त्वाची, मी जाऊन येतो. आणि गेले. ७० वर्षांचा माणूस सकाळच्या एसटीने एकटा साताऱ्याला गेला, डोळा कापून घेतला, एका डोळ्यावर पट्टी आणि वर तो काळा चष्मा लावून संध्याकाळच्या एसटीने एकटा परत आला.

रिलीज शुक्रवारी झालंच नाही. पुढच्या मंगळवारी झालं. क्लायंटचं अप्रूव्हलच आलेलं नव्हतं आणि ते पुढे ढकलल्याचा मेल त्याला बुधवारी दुपारीच आलेला होता, नंतर एका जुन्या थ्रेडमध्ये मी स्वतः तारीख वेळ बघितली. म्हणजे मला थांबवलं तेव्हा त्याला माहीत होतं. रिलीजसाठी थांबवलंच नव्हतं मला. फक्त नाही म्हणता येतं हे दाखवायला थांबवलं.

हे वाचून कोणीतरी खाली लिहिणारच की मॅनेजरवरपण वरून प्रेशर असतं. असतं, मान्य. पण प्रेशर असलेला माणूस थर्मामीटरचा फोटो नाही मागत हो, तो विचारतो काम कोण बघतंय, आणि ते तिने न विचारता सांगितलं होतं.

आणि हे वरपासूनच आहे. २०२३ मध्ये नारायण मूर्ती आठवड्याला ७० तास म्हणाले, २०२५ च्या सुरुवातीला एल अँड टीच्या अध्यक्षांचा ९० तासांचा व्हिडिओ फिरला, रविवारीसुद्धा काम करा म्हणून. मोठी माणसं असं बोलली की खाली १२ जणांची टीम सांभाळणाऱ्याला वाटतं आपण करतोय तेच बरोबर. आपल्या महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्याचे ४८ तास लिहिलेत आणि वर्षाला ८ पगारी नैमित्तिक रजा कामगाराचा हक्क म्हणून लिहिल्यात. हक्क! सुप्रिया सुळेंनी २०१८ मध्ये लोकसभेत विधेयक मांडलं होतं, कामाची वेळ संपल्यावर बॉसचा फोन न घेण्याच्या हक्काचं. खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने मांडलेलं, आणि १९७० नंतर एकही खासगी विधेयक कायदा झालेलं नाही, त्यामुळे ते कुठे गेलं ते सांगायला नकोच. ऑस्ट्रेलियात २०२४ पासून तसा कायदा लागूपण झाला आणि आपण इथे काखेतला थर्मामीटर दाखवतोय.

आता मी काय केलं ते सांगते, कारण भाचीने दुपारी तेच विचारलं, की मावशी तू मग काय केलंस. पहिली दोन वर्षं काहीच नाही. रडायचे. वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून रडायचे, खूप जणींनी रडलेलं आहे तिथे. मग एक दिवस कँटीनमध्ये आम्ही चौघं जेवत होतो आणि एक मुलगा बोलून गेला की त्याच्या बायकोच्या सातव्या महिन्यातली सोनोग्राफी याच मॅनेजरमुळे अशीच बुडली. मग दुसरी बोलली. तिसरा बोलला. तोपर्यंत प्रत्येकाला वाटत होतं की हा फक्त माझ्याशीच असा वागतो, माझंच काहीतरी चुकतंय. त्या दिवशी मला दोन वर्षांत पहिल्यांदा नीट झोप लागली, खोटं नाही सांगत.

त्यानंतर आम्ही सगळं लेखी करायला लागलो. तो जागेवर येऊन काही तोंडी सांगून गेला की लगेच मेल, आत्ता आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे रजा रद्द करायला सांगितली आहे, कृपया कारण कळवावे. निम्म्या गोष्टी तिथेच थांबल्या. लेखी नाही म्हणायला त्याला भीती वाटायची. रात्री अकराच्या मेसेजला सकाळी नऊला उत्तर द्यायला लागले, पहिले पंधरा दिवस छाती धडधडायची, मग नाही. एचआरकडेपण गेलो होतो, त्याचा उपयोग शून्य, एचआर कंपनीचं असतं, आपलं नसतं. आणि मग वर्षभरात चौघांनीही नोकरी बदलली. ९० दिवसांचा नोटीस पिरियड दात ओठ खाऊन काढला. घराचा हप्ता असताना सगळ्यांना हे जमत नाही, माहितीये मला, मलाही लगेच जमलं नव्हतं. पण बायोडाटा तरी अपडेट करून ठेवा रे, नुसतं तेवढं केलं तरी त्या माणसाचा आवाज लहान वाटायला लागतो.

तो? त्याला प्रमोशन मिळालं. यावर मी आणखी काही लिहीत नाही, नाहीतर तोंडातून काहीतरी निघेल.

ताईला मी फोनवर जे सांगू शकले नाही ते इथे लिहिते, ती वाचेलच. ऑपरेशननंतर आठवड्याने तपासणीला मी अण्णांना घेऊन गेले होते, शनिवार होता. तिथली सिस्टर माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, काय ताई, लई वेळ लागला गाडी लावायला! मला काही कळेना. मग तिने सांगितलं. ऑपरेशनच्या दिवशी सोबत कोण आहे म्हणून विचारलं तर अण्णा म्हणाले होते, मुलगी आहे, खाली गाडी लावतेय. आत घेईपर्यंत तेच सांगत होते. बाहेर आल्यावरपण तेच.

अण्णा जन्मात खोटं बोललेले नाहीत गं ताई. हिशोबात चार आणे जास्त आले तर वाण्याकडे परत जाणारा माणूस. माझ्यासाठी बोलले. आमच्याकडे तेव्हा गाडीपण नव्हती.

म्हणून मी फोटो पाठवू दिला नाही. तू रागावली असशील तर राग माझ्यावर काढ, तिला काही बोलू नकोस. तिने दुपारी स्वतः मेल टाकला मॅनेजरला, एचआरला सीसीत ठेवून, चार ओळींचा, की आजारी आहे, डॉक्टरांकडे जाऊन आलेय, कंपनीच्या नियमात लागत असेल तर सर्टिफिकेट रुजू होताना देईन, आणि माझ्या तब्येतीबद्दल काही विचारायचं असेल तर ग्रुपवर विचारू नये. शेवटची ओळ तिची स्वतःची आहे, मी सांगितलेली नाही. हात थरथरत होते तिचे सेंड दाबताना. अजून उत्तर नाही आलेलं.

आत्ता १०० वर आलाय. झोपलीये. तांदळाची पेज करून ठेवलीये, उठली की देते.