ओडिशातली ती बाळं एवढी लहान नव्हती

‘अपुऱ्या दिवसांच्या बाळांना प्रोबायोटिक दिलं की जंतुसंसर्ग टळतो’ असं तुमच्या प्रोबायोटिकवरच्या, म्हणजे मुद्दाम पोटात दिल्या जाणाऱ्या ‘चांगल्या’ जीवाणूंवरच्या, लेखात सरसकट म्हटलंय आणि दाखला ओडिशातल्या चाचणीचा दिलाय. गफलत तिथेच आहे. २०१७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या त्या अभ्यासात किमान ३५ आठवड्यांची, निदान २ किलो वजनाची बाळं घेतली होती. माझी लेक २९व्या आठवड्यात झाली, ११०० ग्रॅमची. एवढ्या कोवळ्या आतड्यातून ‘चांगला’ जीवाणूही रक्तात उतरू शकतो. अशाच एका बाळाच्या मृत्यूनंतर अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०२३ मध्ये डॉक्टरांना सावध केलं होतं.

आणि आईच्या दुधावर फक्त एक ओळ? एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, लेकीला नळीतून एका वेळी एक मिली दूध जायचं. पहाटे तीनला वाटीत काढलेला पिवळा चीक सिस्टर सिरिंजमध्ये अगदी शेवटच्या थेंबापर्यंत ओढून घ्यायच्या. त्या दुधात बाळाला न पचणाऱ्या साखरा असतात, आतड्यातल्या बिफिडोबॅक्टेरिया या चांगल्या जीवाणूंचं ते अन्न. ज्या आईला दूध येत नाही तिच्या बाळासाठी मुंबईत शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून दुग्धपेढी, म्हणजे इतर आयांनी दान केलेल्या दुधाची पेढी, आहे. कृपा करून हे लेखात घाला, कुणीतरी आई आज रात्री तो वाचत असेल.