पतंगाला अस्तर

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, बाहेर लख्ख ऊन पडलेलं असताना, मॅचिंग सेंटरमध्ये जाऊन छत्रीचं कापड मागणाऱ्या बाईकडे लोक कसे बघतात, ते मला आता नीट माहीत आहे. दुकानदाराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाहेर आभाळाकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"छत्री दुरुस्तीला का, ताई?"

"नाही हो. पतंग शिवायचाय."

"अस्तर देऊ?"

सवयीने विचारलं असेल बिचाऱ्याने. दिवसभर ब्लाउजपीस फाडून देणाऱ्या माणसाच्या तोंडून दुसरं काय निघणार? त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो काउंटरच्या टोकाला स्टुलावर बसलेल्या काकांवर, कारण 'पतंग' हा शब्द कानावर पडताच ते जागे झाले.

मॅचिंग सेंटरमध्ये स्टुलावर बसलेला एक नवरा असतोच. बायको आत पिस्त्याच्या दोन छटांमध्ये अडकलेली असते आणि हा मांडीवर पिशव्या घेऊन बसलेला असतो. त्याच्याकडे वेळ असतो आणि मतं असतात. एरवी ती मतं गिऱ्हाइकांच्या रंगनिवडीवर खर्ची पडतात. त्या दिवशी मी सापडले.

"शिवायचाय?" काका म्हणाले. "अहो, पतंग चिकटवतात."

"कागदाचा चिकटवतात. कापडाचा शिवतात."

"पण शिवला की भोकं पडणार. आमच्या वाड्यात टाचणीएवढं भोक दिसलं तरी आम्ही पतंग दुकानात परत नेऊन द्यायचो. तुम्ही तर मुद्दाम पाडणार. तीही रांगेत!"

"काका, पॅराशूटही शिवलेलंच असतं."

"पॅराशूट खाली येण्यासाठी असतं," काका शांतपणे म्हणाले. "पतंग वर जायचा असतो."

काउंटरवरचा पोऱ्या फिस्सकन हसला. दुकानदाराने मीटरपट्टीआड तोंड लपवलं. यावरचं उत्तर मला रात्री भांडी विसळताना सुचलं, आणि ते ऐकायला तेव्हा फक्त कुकर होता. सुई बारीक घ्यायची, अकरा नंबरची, म्हणजे भोक पडतं ते दोराच भरून काढतो. टाका जरा लांब ठेवायचा, कारण बारीक टाके घातले तर कापड टीपेवर नोटेसारखं फाटतं. टाचण्या लावायच्याच नाहीत, या कापडावर टाचणीचं भोक बुजत नाही. कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे. कापलेल्या कडेवरून पेटती उदबत्ती भरभर फिरवली की धागे वितळून बसतात आणि कड उसवत नाही. दोन्ही बाजूंना परकराला शिवतो तसा नेफा शिवायचा. फक्त नाडीऐवजी त्यात बांबूची कामटी सरकवायची. कामट्या मी बुरूड आळीतून आधीच तासून आणल्या होत्या. तिथे मात्र मला कोणी काही विचारलं नाही. बांबूवाल्यांना जगाचा अनुभव असतो.

पण दुकानात त्या क्षणी मला आठवला तो बेंजामिन फ्रँकलिन. "1752 साली अमेरिकेत एका माणसाने वादळात पतंग उडवला, काका. रेशमी रुमालाचा. कागद पावसात टिकला नसता म्हणून कापड."

"शिवला होता?"

"…नाही. रुमालाची टोकं काड्यांना बांधली होती."

"मग!" म्हणून काकांनी दुकानभर नजर फिरवली, जणू निकाल लागला.

खरं तर मी कापड घेऊन निघायला हवं होतं. पण ते मिळालं कुठे होतं? पोऱ्या ठाण शोधायला माळ्यावर गेला होता. पावसाळा संपला की छत्रीचं कापड माळ्यावर जातं, आणि एकदा माळ्यावर गेलेला पोऱ्या लवकर खाली येत नाही.

"मुलगा केवढा आहे?" काकांनी पुढचा प्रश्न काढला.

"कोणाचा?"

"तुमचा हो. पतंग त्याच्यासाठीच ना?"

"मुलगा तेवीस वर्षांचा आहे, बंगळुरूला असतो. पतंग माझा आहे."

"अच्छा, म्हणजे मिस्टरांना हौस."

"मिस्टरांची मान दुखते."

"मग उडवणार कोण?"

"मी."

काकांनी सगळ्या पिशव्या एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर घेतल्या. विचार करत असावेत.

हे इथे मध्येच सांगते. माझं माहेर येवल्याचं. बाहेर येवला म्हटलं की लोकांना पैठणी आठवते, पण आम्हा गावच्यांना आधी संक्रांत आठवते. भोगी, संक्रांत आणि किंक्रांत, जानेवारीच्या 13 ते 15 तारखेपर्यंत गावात जमिनीवर माणूस सापडत नाही, सगळे धाब्यांवर आणि गच्च्यांवर. हलकडी वाजत असते, चहाच्या किटल्या जिन्याने वर जात असतात, आणि दुसऱ्या गच्चीवरचा पतंग कापला की जो गलका होतो तो ऐकून गल्लीतली कुत्रीसुद्धा वर बघतात. या सगळ्यात माझं काम काय? तर भावाच्या मागे उभं राहून आसारी धरायची. आसारी म्हणजे आमच्याकडची फिरकी, बांबूची, चांगली लांब. भाऊ म्हणायचा "ढील", मी सोडायची. भाऊ म्हणायचा "गुंडाळ", मी गुंडाळायची. पतंग कापला की म्हणायचा, "तू नीट धरली नाहीस." सगळं बालपण मी आभाळाखाली काढलं, पण दिसायची ती भावाची पाठ. आता पन्नाशीला टेकल्यावर मला एक पतंग हवाय, माझा, आणि दोरा माझ्या बोटांत. यात तेवीस वर्षांचा मुलगा कुठून आला?

"पण यात तुमचा उद्देश काय?" काकांनी आता मुळालाच हात घातला.

हा प्रश्न मला नवा नव्हता. माझी भाची एका कंपनीत मनुष्यबळ विभागात आहे. ती दिवाळीला आली आणि तिने घरातल्या प्रत्येकाला नव्या वर्षाची ध्येयं लिहायला बसवलं. ध्येय 'स्मार्ट' पाहिजे म्हणे: नेमकं, मोजता येईल असं, झेपेल असं, कामाचं आणि मुदत असलेलं. 1981 साली जॉर्ज डोरन नावाच्या गृहस्थांनी कंपन्यांच्या मॅनेजरांसाठी हे, जरा वेगळ्या शब्दांत, एका लेखात मांडलं. मॅनेजरांकडून ते भाचीकडे आलं आणि भाचीकडून आमच्या फ्रिजवर चिकटलं. मिस्टरांनी 'रोज चालणे' असं लिहून मोकळं केलं. मी लिहिलं, 'स्वतः शिवलेला पतंग स्वतः उडवणे, मुदत संक्रांत'.

भाचीने ते दोनदा वाचलं. "मावशी, हे मोजणार कसं?"

"मान वर करून."

"तसं नाही गं. यातून निघणार काय? त्यापेक्षा 'महिन्याला दहा ब्लाउजच्या ऑर्डरी' असं लिही. हात चांगला आहे तुझा. पेज काढून देते."

मुलीच्या मनात वाईट नव्हतं. पण नवऱ्याच्या चालण्यातून काय निघणार, हे तिने विचारलं नाही. चालणं कामाचं असतं, आरोग्य सुधारतं. माझ्याच सुईने काहीतरी कमवून आणायचं किंवा कोणाच्या तरी अंगावर चढायचं, नाहीतर तिला उद्देश नाही! घरात मशीन असलेल्या कुठल्याही बाईला विचारा. 'छंद' म्हटलं की जिन्यात शेजारीण पडदे आखूड करायला घेऊन उभी असते. गेल्या गणपतीत मी मखराच्या झालरी शिवल्या, तेव्हा सोसायटीत माझं कोण कौतुक झालं. पतंग म्हटल्यावर मात्र सगळ्यांना माझी प्रकृती बरी आहे ना, अशी शंका येते.

काकांना यातलं काही सांगितलं नाही. "उद्देश काही नाही, मजा," एवढंच म्हटलं.

काकांनी चष्मा काढून पुसला. कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झालेले असणार, कारण पुढचं वाक्य फायलीतून निघाल्यासारखं आलं. "परवाना काढलाय?"

"कशाचा?"

"विमानाचा. विमान कायदा, 1934. व्याख्या वाचा. फुगा, ग्लायडर, पतंग, सगळं विमानच. बाजारातला दहा रुपयांचा पतंग वेगळा. तुम्ही स्वतः तयार करताय, म्हणजे निर्मात्या झालात."

वाईट बातमी अशी, की घरी येऊन शोधलं तर व्याख्येपुरते काका बरोबर निघाले. त्या कायद्यात 'विमान' या सदरात फुगे आणि ग्लायडर यांच्या पंक्तीत पतंग खरोखर बसलेला आहे. तो कायदा जाऊन 1 जानेवारी 2025 पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय. म्हणजे काकांचा संदर्भ निदान जुना होता, एवढं समाधान मी पदरात पाडून घेतलं.

पण मला खरी चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. राष्ट्रीय हरित लवादाने 2017 साली नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत दुचाकीवाल्यांचे गळे कापल्याच्या बातम्या येतात आणि झाडांवर लटकलेले कावळे-घुबडं अग्निशमन दलवाले शिड्या लावून काढत बसतात. तो मांजा कुठून येतो? दुकानातच मिळतो, काउंटरखालून, ओळखीच्या पोरांना. तिथे स्टुलावर बसून कोणी व्याख्या वाचून दाखवत नाही. मी साध्या सुती दोऱ्यावर, कोणाचा पतंग न कापता, एक कापडी त्रिकोण वर सोडणार, तर मला परवाना! कायदा आठवतो तो बाई समोर असली की.

एवढ्यात पोऱ्या माळ्यावरून ठाण घेऊन उतरला. फक्त काळं होतं.

"काळा पतंग?" काकांनी तोंड वाकडं केलं.

"संक्रांतीला काळंच चालतं," असं म्हणून आतून काकू आल्या. मला वाटलं, सुटले. बाईच बाईची बाजू घेणार. मी उत्साहात येऊन त्यांना माझा हुकमी किस्सा सांगितला. अमेरिकेत फ्रान्सिस रोगॅलो नावाचे विमान-अभियंते होते. त्यांच्या डोक्यात काड्यांशिवाय उडणाऱ्या मऊ पंखाची कल्पना होती. त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी 1948 साली स्वयंपाकघराचे पडदे काढून त्यातून तो पतंग शिवला. घरातच मोठे पंखे लावून त्यांनी त्याची चाचणी घेतली, पेटंट दोघांच्या नावाने निघालं. पुढे नासाने अंतराळयान जमिनीवर उतरवायला तो पंख वापरता येईल का ते तपासलं, आणि आजचे हँग ग्लायडर त्यातूनच आले. घरच्या पडद्यांतून!

काकू मन लावून ऐकत होत्या. डोळे चमकत होते.

"मग खिडकीला काय लावलं हो त्यांनी?"

मला उत्तर सुचेना. काकूंनीही वाट पाहिली नाही. माझ्या हातातली दोऱ्याची रिळं त्यांना दिसली होती. "म्हणजे तुम्ही घरी शिवता? फॉल-पिको करता?"

आणि मग, देवाशप्पथ सांगते, काकांच्या मांडीवरच्या तिसऱ्या पिशवीतून काळी साडी निघाली. नवीकोरी, घडी न मोडलेली. काकांनी ती इतक्या लगबगीने काढून दिली, की हे गृहस्थ मघापासून त्या साडीसाठीच माझी मुलाखत घेत होते की काय, अशी मला शंका आली. फॉल काउंटरवरच घेतला गेला. पोऱ्याने तो माझ्याच पिशवीत टाकला. हे सगळं मी काही बोलण्याच्या आत.

"घेणार किती?" काकूंनी विचारलं.

मी बाजारात चालतो तोच दर सांगितला.

"अगंबाई! छंद आहे ना तुमचा? मग पैसे कसले?"

यावर काका पहिल्यांदाच मनापासून हसले. त्यांनी माझा नंबर घेतला, "साडीसाठी" म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी सूर्योदयाच्या चित्रावर सुविचार येतो, आणि काल त्या कायद्याच्या पानाचा फोटो आला, पतंगाखाली लाल रेघ मारून. खाली लिहिलं होतं, 'विचार व्हावा.' आज काकूंचा निरोप आला: साडी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नेसायची आहे, लक्षात असू द्या.

मशीनवर आत्ता काळं कापड आहे आणि एका बाजूचा नेफा व्हायचा आहे. काळी साडी कपाटावर आहे. संक्रांतीचं हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. भरपूर वेळ आहे काकूंकडे.