पिल्लं मागं होती का, ते विचारा

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडं वाघाचा ठसा उमटला की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोनच प्रश्न. बिबट्या की पट्टेरी? आणि व्हिडिओ आहे का? वाघीण एकटी होती की मागं पिल्लं होती, हे कुणी विचारत नाही.

पिल्लं असतील तर सगळा हिशेबच बदलतो. साधारण दोन महिन्यांची झाली की आई त्यांना मारलेल्या जनावरापाशी न्यायला लागते. दूध सहा महिन्यांत सुटतं, पण शिकार एवढ्यात जमत नाही. पक्के सुळे यायलाच वर्ष उलटतं, तोवर सांबराचं नरडं धरणार कशानं? मग आई एखादं जनावर अर्धमेलं करून पुढ्यात सोडते. पिल्लं शेपटीला झोंबतात, पायाला झोंबतात, लाथ बसली की मागं सरकतात, परत येतात. गळा कुठं धरायचा आणि किती वेळ सोडायचा नाही, हे असं अंगावर घेऊनच कळतं. बापाचा यात सहसा हात नसतो. दीड-दोन वर्षं सगळं आईवर. ती मधेच मेली तर अर्धवट शिकलेलं पोर उपाशी मरतं, नाहीतर सोपं म्हणून बांधलेल्या जनावराकडं वळतं.

आता आपल्या कामाचं. हे कुटुंब एकाच शिकारीवर जेवतं, दोन-तीन दिवस परत परत येऊन. म्हणून त्या एका जनावरावर विष टाकलं की आईसकट सगळी जातात. चोर्ला घाट उतरला की गोव्याचा सत्तरी तालुका. तिथं गोळावलीत २०२० च्या जानेवारीत वाघिणीसह चार वाघ असेच गेले. कर्नाटकातली काळी आणि भीमगडची जंगलं, गोव्यातलं म्हादईचं जंगल, हे सगळं एकच रान आहे. गोवा-कर्नाटकची हद्द आपल्याला, वाघाला नाही. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य झालं, पण कागदावरच्या रेघेनं गवळ्याची म्हैस वाचत नाही.

आणि ज्याची दुभती म्हैस गेली त्याला वाघाचं महत्त्व सांगायला जाऊ नये. (बेळगावात बसून तर अजिबातच नको.) आधी पैसे द्यावेत. पंचनाम्याला साहेब चार दिवसांनी येणार, कागद कन्नडमध्ये, आणि भरपाई कधी ते देवाला ठाऊक. असं असेल तर माणूस रागाच्या भरात काय करेल याची हमी कोण देणार? माझं म्हणणं एवढंच, की पंचनामा त्याच दिवशी व्हावा, निदान थोडी रक्कम हातोहात मिळावी, आणि मेलेलं जनावर धोका नसेल तिथं जागचं हलवू नये. वाघीण पोरांना घेऊन तिथंच परत येणार. तेवढे दिवस मोबाईल घेऊन बघायला जाणाऱ्यांना मात्र गावानंच अडवावं, वनखात्याची वाट बघत बसू नये.