मालक आत आहेत का?

रविवारी झालं. आज बुधवार आहे, आणि तो माणूस अजून माझ्या डोक्यातून उतरलेला नाही. त्याचा कुत्राही नाही.

आमची एक नॅरोबोट आहे, इंग्लंडच्या जुन्या कालव्यांतून फिरायची. लांबी ५७ फूट, रुंदी सात फुटांच्या आत. त्यामुळे बोटीत एकाला पुढे जायचं असलं की दुसऱ्याने पोट आत घ्यायचं. ताशी चार मैलांच्या वर जायचं नाही असा नियम आहे आणि आमचं इंजिन तो मनापासून पाळतं. काठावरून काठी टेकत चाललेल्या आजीबाई मागून येतात, हसून हात करतात आणि पुढे निघून जातात.

तर रविवारी विम्बल्डनची पुरुषांची फायनल होती. बीबीसीवर, फुकट. म्हणजे वर्षाला दीडशेच्या वर पौंड टीव्ही लायसन्सचे भरल्यावर जेवढं फुकट म्हणता येईल तेवढं. इथल्या मैदानांवरच्या कसोट्या २००६ पासून पैसे मोजायच्या चॅनलवर गेल्या, तेव्हापासून आमच्या बोटीवर खेळ म्हणजे टेनिस. आणि फायनलच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, अँटेना गेली. पुलाखालून जाताना तिचा खांब आडवा करायचा राहिला. बायको म्हणते, ती पुढून "खांब पाडा" असं ओरडली होती. इंजिनाच्या आवाजात मला "चहा मांडा" ऐकू आलं आणि मी "हो" म्हटलं. विटांचा कमानी पूल, दोनशे वर्षांहून जुना. पुलाला काही झालं नाही.

शनिवारी टॅक्सी करून नवी अँटेना आणली. पंचेचाळीस पौंड, टॅक्सी वेगळी. मुलाने फोनवर विचारलं, "बाबा, मोबाइलवर का नाही बघत?" त्याला सांगितलं, इथे मोबाइलची एक दांडी येते, तीही छपरावर उभं राहिलं तर. लोखंडी बोटीत बसणं म्हणजे स्टीलच्या डब्यात बसून झाकण लावून घेणं. रेंज आत येत नाही, म्हणून तर अँटेना छपरावर लागते. तिच्या खांबाला खाली थाळीएवढं लोहचुंबक असतं, ते छपराला चिकटतं. एकदा चिकटलं की हलत नाही, आणि चिकटताना आपलं बोट मध्ये असलं तर बोटही हलत नाही.

आता दिशा. टीव्हीचं केंद्र कुठल्या बाजूला आहे ते दाखवणारं ॲप असतं. पण त्यातलं होकायंत्र, खाली बारा-पंधरा टन लोखंड आणि शेजारी चुंबक असताना, वेड लागल्यासारखं फिरतं. माझ्या फोनच्या मते सँडी हीथच्या टीव्ही केंद्राचा मनोरा आमच्या संडासात होता.

हे सगळं चाललं होतं स्टोक ब्रूर्नला. नॉर्दॅम्प्टनशरमधलं गाव, कालव्यावर लॉक (बोट खालच्या पाण्यातून वरच्या पाण्यात चढवायचे दरवाजे), काठाला पब, एका जुन्या गिरणीत कालव्यांचं संग्रहालय आणि रविवारी ही गर्दी. बोटींकडे नुसतं बघत उभं राहायला इथे लोक येतात. अशा बघ्यांसाठी बोटवाल्यांकडे एक खास शब्द आहे, गाँगूझलर. मला तो पहिल्यांदा कळला तेव्हा वाटलं, अरे, आपल्याकडे जेसीबी खड्डा खणायला लागला की भोवती जमते ती जमात हीच. फक्त इथे ती आइस्क्रीम खाते.

तो आला तेव्हा मी छपरावर गुडघे टेकून बसलो होतो. अंगात भडक पिवळं चमकतं जॅकेट. लॉकवर काम करताना दिसावं म्हणून बायकोने घेतलंय. तोंडात स्क्रूड्रायव्हर. त्याआधीचा कालव्याच्या तळाशी आहे, आणखी दोघांच्या सोबतीला. आणि तो माणूस म्हणजे सत्तरीचा, चौकड्यांची टोपी, हातात थर्मास आणि एक हडकुळा कुत्रा, ज्याचं नाव केविन होतं. पाच मिनिटं तो बोलला नाही. मग घसा साफ केला आणि अत्यंत अदबीने विचारलं,

"मालक आत आहेत का?"

मी मागे वळून पाहिलं. मागे फक्त एक बदक होतं.

इथे मी "मीच मालक" म्हणायला हवं होतं. दोन शब्द. गेली सव्वीस वर्षं मी या देशात राहतो, कर भरतो, रांगेत कोणी मध्ये घुसलं तर मीसुद्धा नुसता खाकरतो. पण तोंडात स्क्रूड्रायव्हर होता. तो काढेपर्यंत काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, "आहेत."

"टीव्हीचं काम?"

"हो."

"किती घेता?"

"साठ पौंड," मी म्हणालो. हा आकडा कुठून आला ते मला आजही सांगता येणार नाही.

त्याने हळहळून मान हलवली. "बोटवाल्यांना लुटता तुम्ही लोक."

तुम्ही लोक. यातले लोक म्हणजे अँटेनावाले की आणखी कोणी, हे रविवारपासून मी ठरवतोय. झोपताना वाटतं अँटेनावाले. उठल्यावर तसं वाटत नाही.

खोटं कशाला बोलू, हे मीही केलेलं आहे. पुण्यात आईच्या सोसायटीत पंपाजवळ बनियनवर एक गृहस्थ उभे होते, त्यांना मी म्हणालो, "काय हो, पाणी कधी सोडणार?" ते सोसायटीचे चेअरमन निघाले, निवृत्त प्राचार्य. पाणी त्यांनी चार दिवस सोडलं नाही. पण तो माझा अपराध, आणि तो मी पुण्यात केला. स्टोक ब्रूर्नला त्याचा हिशोब होईल असं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "अहो, आलंऽ!" आणि लगेच, "गेलंऽ!"

हे दोन शब्द माझ्या घराण्यात पिढीजात आहेत. शनिवार पेठेत आमच्या वाड्याच्या कौलांवर बाबा चढायचे आणि माशाच्या सांगाड्यासारखी ती अँटेना सिंहगडाकडे वळवायचे. गडावर दूरदर्शनचा मनोरा. आई टीव्हीपुढे, मी खिडकीत. आईचं "आलं" मी बाबांना पोचवेपर्यंत ते दोन बोटं पुढे गेलेले असत, मग "गेलं". बाबांनी जन्मभर अँटेना फिरवली आणि कार्यक्रम ऐकले ते आमच्या तोंडून. पण त्या काळी मुंग्यांमधूनसुद्धा बातम्या देणारी बाई ओळखू यायची. माणूस मुंग्यांशी तडजोड करू शकतो. डिजिटलशी नाही. डिजिटलचं चित्र एकतर लख्ख, नाहीतर चौकोनी ठिकऱ्या, आणि वर आमचा टीव्ही ते ठरवायला पाच-सहा सेकंद घेतो. म्हणजे आतलं "आलं" हे नेहमी मघाच्या दिशेबद्दल असतं.

बायकोचा आवाज ऐकून तो टोपीवाला खिडकीशी गेला. टोपी काढली.

"मॅडम, तुम्ही मालक?"

"हो," बायको म्हणाली. तिला स्क्रूड्रायव्हरचीही अडचण नव्हती.

"तुमचा माणूस चुकीच्या दिशेला फिरवतोय."

"मी गेली सत्तावीस वर्षं तेच सांगतेय."

"सत्तावीस वर्षं याच्याकडूनच करून घेता?"

"दुसरा कोणी मिळाला नाही."

बायकोच्या चेहऱ्यावर असा आनंद मी आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसालाही पाहिला नव्हता. मी छपरावरून मराठीत तिला काहीतरी म्हणालो, ते इथे लिहीत नाही. ती इंग्रजीत म्हणाली, "थोडा तापट आहे, पण प्रामाणिक आहे."

मग त्याने शिकवायला घेतलं. थर्मासचं झाकण उघडून, चहा ओतून. मोठ्या केंद्रासाठी अँटेनाच्या काड्या आडव्या लागतात, गावोगावच्या छोट्या केंद्रांना बहुतेक उभ्या, आणि मी काय उभ्या ठेवल्यात? मागच्या मुक्कामी छोटं केंद्र होतं, म्हणून ठेवल्या होत्या, पण हे ऐकायला तो थांबला नाही. पबच्या धुराड्यावरची अँटेना बघा. शेजारच्या बोटीची बघू नका, तिने ऑक्सफर्डचं केंद्र धरलंय, ते झाडांतून येत नाही. जुलैची पानं रेंज खातात. पूर्वेला वळवा. आणखी. फार झालं. केविनने माझ्या वायरीच्या गुंडाळीवर तंगडी वर केली, त्याबद्दल दोघांपैकी कोणीही काही बोललं नाही.

मी काड्या आडव्या केल्या, पूर्वेला वळवल्या. आतून "आलं!" आणि ते गेलं नाही.

तो बरोबर होता. मला सगळ्यात जास्त राग याचाच आहे. चुकला असता तर मी त्याला कधीच माफ केलं असतं.

बायकोने त्याला चहाला आत बोलावलं. हातात थर्मास असलेल्या माणसाला! तो माझ्या जागेवर बसला, केविन माझ्या उशीवर. समोर भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे, पण त्यात मला भरपूर केस आहेत, त्यामुळे ओळख पटायची भीती नव्हती. मी आत जाणार, एवढ्यात एक भाड्याची बोट सुसाट आली. बांधलेल्या बोटींजवळून सावकाश जायचं असतं, पण सुट्टीवरच्या लोकांना कोण सांगणार. लाट आली, आमची बोट डुलली आणि आतून टाळ्यांऐवजी शांतता. खांब धरून उभं राहिलं तर चित्र टिकतं असं लक्षात आलं. रविवार असल्यामुळे बोटी थांबेनात. मी धरून उभा राहिलो. दोन सेट.

तिसऱ्या सेटमध्ये आतून आवाज आला, "गेलाऽऽ!" पुरुषी, जाडसर, नॉर्दॅम्प्टनशरच्या उच्चारात. बायकोने शिकवलं होतं. थोड्या वेळाने त्याला "आलं"ही यायला लागलं. सामना कोण जिंकलं ते मला त्याच्याच तोंडून कळलं, छपराखालून, इंग्रजीत, आणि तेही मी विचारलं म्हणून.

निघताना त्याने वर बघून सांगितलं, हिवाळ्यातल्या वादळात त्याच्या घरावरची अँटेना वाकलीय, माणूस मिळत नाही. साठ जास्त होतात. बायको म्हणाली, पन्नासला करेल. नंबर दिला. स्वतःचा.

काल त्याचा फोन आला होता. मी बायकोला म्हटलं, आता तरी खरं सांगून टाक. ती म्हणाली, पन्नास पौंड आहेत, अँटेनाचे निघून वर पाच उरतात, आणि तुमचा आता हातही बसलाय.

उद्या सकाळी दहाची वेळ दिलीय. शिडी त्याची. पिवळं जॅकेट धुऊन दोरीवर वाळत घातलेलं मला इथून दिसतंय.